चोर लांबच बसतो म्हणे

१२ मे, मंगळवार

अमोलला आज कुणीतरी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. माझ्याच हातून झालं असतं तर बरं! टीम लीडर झाला म्हणून सगळ्यांसमोर म्हणतो, "वेदिका, तुझं काम ऐकायचं आहे, अक्कल शिकवायचं नाही."

ऐकायचं काम आहे, खरंय. सीमेवरच्या चौक्यांनी ज्यांवरून उपग्रहामार्फत बोलायचं, ते सेट आम्ही सातपूरला बनवतो. ते बोलणं चोरून ऐकता येतं का, हे मी तपासते. ऑफिसात मला चोरच म्हणतात. उपग्रह बोलला की अर्ध्या देशात ऐकू जातं – म्हणून अमोलने बोलण्याबरोबर मुद्दाम खरखर सोडलीय. ती फक्त आपल्या डिशच्या छत्रीपाशी गप्प होते. वरातीत डीजे दणाणत असताना एकाच्याच कानाशी लागून बोलावं, तसं. पण त्याच्या गालाला गाल लावून दुसरा कुणी उभा असला तर? एवढंच विचारलं होतं.

१४ मे

लासलगाव. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे छत्री लावून दुपारभर उन्हात बसले. नुसती खरखर. अमोल फोनवर खूश – "बघ, चोराला काही मिळत नाही." अरे गाढवा, चोराला तू साठ किलोमीटर लांब नेऊन बसवलंस!

१५ मे

म्हटलं, आपल्या छत्रीला लागूनच असलेल्या शेजारच्या गाळ्याच्या छतावरून एकदा ऐकू दे. "चोर काय शेजारी येऊन बसणार आहे का?" सगळे हसले. मीही हसले. स्वतःचाच राग येतोय.

नवनाथ, माझा भाऊ, असल्याच चौकीवर आहे. समोरच्यांच्या चुलीचा धूर त्याला दिसतो. गस्त कधी निघणार, कुठून जाणार, सगळं तो याच सेटवर बोलणार. तिथे चोर शेजारीच बसलेला आहे.

१८ मे

अमोलने कागद पुढे सरकवला – 'काहीही ऐकू आले नाही.' सही कर म्हणे, गुरुवारी सेट निघतायत. नाही केली. "तुझ्यावाचून काही अडत नाही." मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

तरी वाटतं, माणूस वाईट नाही, ठोंब्या आहे. स्वतःच्या कानाने एकदा ऐकलं की मानेल. बुधवारी न विचारता छतावर जाणार.

२० मे

जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन शेजारच्या गाळ्यात गेले. तिथले वॉचमन लहानूकाका. काही विचारलं नाही, शिडी लावली न् म्हणाले, "त्या टाकीपाशी ठेवा ताई. अमोलसाहेबांनी दिवाळीत तिथंच लावली व्हती. लय साफ ऐकू येतं म्हनले. कुनाला बोलू नका म्हनले."

नवनाथच्या लग्नात आमच्या पंगतीला बसून जेवलाय हा अमोल.