कट कुठं ठेवला

अण्णा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याविषयी काही बोलायचं म्हटलं की मी आधी मागं वळून बघते. ही सवय तुम्हीच लावलेली. आई आणि मी स्वयंपाकघरात चार शब्द बोललो की तुम्ही दारात येऊन उभे राहायचात, आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचात आणि विचारायचात, "काय कट चालून राहिला तुमचा?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "कायचा कट? मीठ संपलंय म्हणून राहिले मी." तुम्हाला ते काही पटायचं नाही. गंमत अशी की पुष्कळदा आम्ही कटाबद्दलच बोलत असायचो, फक्त तो कट वेगळा होता.

वारंगा फाट्यावरचं आपलं साऊंडचं दुकान नव्वदच्या दशकात दोन कर्ण्यांवर आणि एका ॲम्प्लिफायरवर चाललं. मी हिंगोलीला रेडिओ-टीव्हीचं काम शिकून आले, त्याच सुमारास तुम्ही बेसच्या दोन थोरल्या पेट्या आणल्यात आणि त्यांच्यासोबत क्रॉसओव्हर आला. जाड आवाज बेसकडे, बारीक आवाज वरच्या टॉपकडे, अशी वाटणी करणारं ते यंत्र. वाटणी जिथं होते तो कट, आणि तिथून पुढं पलीकडचा आवाज किती झपाट्यानं मिटत जातो तो उतार. मी कट बटणाच्या पट्टीवरच्या शंभराच्या आकड्यावर ठेवायची आणि उतार कडक. कट वर गेला की गाणाऱ्याचा गळा बेसमध्ये शिरतो आणि शब्द गुरगुरतात, एवढं साधं कारण. तुम्हाला उतार ढिला हवा असायचा. "वाटणी झाली म्हणून भावानं भावाकडं लगेच पाठ फिरवावी का माय? थोडं ह्याचं त्याच्यात जाऊ दे की." बोलणं ऐकायला गोड होतं. मला मात्र त्यातही डाव दिसायचा.

कारण मी चहा पिऊन यायची तोवर बटण एकशे साठच्या पुढं गेलेलं असायचं. "अण्णा, कट कुणी हलवला?" "मला काय माहीत? तूच हलवला असशील, ध्यान कुठं असतंय तुझं?" मी बटणावर आणि पट्टीवर नेलपॉलिशचे ठिपके लावून ठेवले. संध्याकाळी ठिपके एकमेकांपासून लांब. मग माझी खात्रीच झाली की पोरगी आपल्यापेक्षा चांगला साऊंड लावते हे तुम्हाला खुपतंय, चार लोकांत माझं हसं व्हावं म्हणून तुम्ही मुद्दाम हे करताय. मला फार राग यायचा. एका ताटात जेवणारी आपण दोघं, आणि चोर-पोलीस खेळत होतो.

साखरा गावी जयंतीच्या कार्यक्रमाला उलगडा झाला. दुपारी चेकिंग चालू होतं. गायक माईकवर तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, तुम्ही बेसच्या पेटीला टेकून, तिच्यावर तळहात ठेवून बसला होतात. मला एक वायर बदलायची होती म्हणून मी फक्त बेस बंद केला. टॉप चालूच होते. गायकाचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जात होता. आणि तुम्ही दचकून माझ्याकडे वळलात, "गाणं काहून बंद केलं गं?" तुमच्यापासून दोन हातांवर तो माणूस गात होता, अण्णा. तुमची पाठ होती त्याच्याकडे. तुम्ही गाणं हातानं ऐकत होतात. कट वर आणि उतार ढिला ठेवला की गळा बेसमध्ये उतरायचा आणि लाकडातून तुमच्या तळव्याला लागायचा, म्हणून ते बटण.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. आमच्या तोंडाकडे तुम्ही टक लावून बघायचात, ते ओठ वाचायला. फाट्यावर ट्रकनं मागून हॉर्न दिला तरी तुम्ही सावकाश चालायचात, आणि मी त्याला तुमची ऐट समजत होते. साऊंडवाल्यालाच ऐकू येत नाही हे फाट्यावर कळलं असतं तर लोकांनी टर उडवून तुम्हाला घरी बसवलं असतं, आणि घरी बसून तुम्ही जगला नसतात. हिंगोलीला जाऊन कान दाखवू, असं मी एकदा हळूच काढून पाहिलं. तुमचा चेहरा पार बदलला. "माझे कान तपासाया निघाली! दुकान पायजे तर सरळ माग ना."

तेव्हा स्वयंपाकघरात आईनं आणि मी खरोखरच कट केला. "त्याहिला कळू देऊ नको बाई," आई चुलीपाशी पुटपुटली, "न्हाई तर जेवायचे न्हाईत." मी थोरल्या पेट्यांसाठी वेगळा क्रॉसओव्हर बनवून ॲम्प्लिफायरच्या खोक्यात आत दडवला, शंभरावर, कडक उताराचा. तुमच्या बटणाला फक्त एक लहान पेटी जोडली आणि ती तुमच्या स्टुलाला लागून ठेवली. तुम्ही बटण हवं तेवढं फिरवायचात, तळहात ठेवायचात, मान डोलवायचात. गावाला शब्द स्वच्छ ऐकू जायचे आणि शाबासकी तुम्हाला मिळायची. मला तिचा हेवा वाटला नाही.

पण तुमच्या शेवटच्या जयंतीला, ऐन गाण्यात, तुम्ही स्टुलावरून उठलात. सरळ थोरल्या पेटीपाशी गेलात आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिलात. त्या पेटीत गळा नव्हताच, नुसती ढोलकीची थाप होती. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत, परत येऊन लहान पेटीला टेकलात आणि म्हणालात, "उतार बराबर बसला माय." बस, एवढंच. त्यानंतर कट कुणी हलवला, काय कट चालला आहे, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं, की हातालाही कमी जाणवायला लागलं होतं? मी अजून दोन्हीकडून विचार करते. एकदा वाटतं, तुम्ही माझ्या कटात सामील झालात आणि मलाच त्याचा पत्ता लागू दिला नाहीत. तुमचा भरवसा नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगून टाकते. तुमचा जुना क्रॉसओव्हर आता कशालाच जोडलेला नाही, तरी मी तो प्रत्येक कार्यक्रमाला सोबत नेते. गाणं सुरू व्हायच्या आधी, कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून बघते आणि तुमचं बटण एकशे साठच्या पुढं नेऊन ठेवते.