बंद झालेली खिडकी

पुणे, १९ जुलै २००४

प्रिय महेजबीन,

सलाम. मी इकडे मजेत आहे. अम्मींचा गुडघा कसा आहे? दुबईच्या कामावर जाणार का, ते साहेबांना सांगायची मुदत आज होती. तेही लिहितो, पण आधी तुझ्या पत्राबद्दल.

पावसाची झड आत येते म्हणून मी साइटवरचं उरलेलं सिलिकॉन स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फटीत भरून आलो, आणि आता खिडकी उघडतच नाही! वाचून इतका हसलो की खोलीतले सगळे बघायला लागले. अम्मींचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस: "लई मोठा कारागीर! तिकडं काचा बसवतोय, आन् हितं घरची खिडकी कायमची बंद करून गेला." आणि खिडकीतून कालवणाची वाटी देणाऱ्या शेजारच्या सगुणाबाई आता गल्लीला वळसा घालून येतात, बिचाऱ्या.

पण माल बघ कसा आहे! यानंच आम्ही अख्ख्या इमारतीच्या काचा चौकटींना चिकटवतो. ना खिळा, ना स्क्रू. काचेवर त्याची नमुन्याची पट्टी लावून, वाळल्यावर ओढून बघतो, तर ती मधून तुटते पण काच सोडत नाही.

आता साहेबांचं. सकाळी मी चौकट पुसत होतो. आधी स्पिरिटच्या ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि ते वाळायच्या आत कोरड्यानं. मध्ये थांबलं की मळ परत तिथंच बसतो, मग सिलिकॉन धरत नाही. नेमके तेव्हाच साहेब आले. "अमीर, दुबईला नाव पाठवू ना?" हात थांबवता येईना, विचार करायला सवड नाही. तोंडातून निघून गेलं, "नको, साहेब."

पुसून झाल्यावर वाटलं, त्यांच्या मागे धावावं. मी दुबईला जाणार म्हणून अम्मींनी सगळ्या भोरला सांगून ठेवलंय. पण गेलो नाही. उलट हलकं वाटलं. तू लिहिलंस, "खुशाल जा, माझं काय अडतंय?" साऱ्या पत्रात तेवढीच ओळ रुसलेली होती. मला जायचंच नव्हतं गं. तुला सोडून दोन वर्षं मला करमणार नाही.

अम्मींना तूच सांग. नाही, नको, मीच सांगेन. रविवारी सकाळच्या एसटीनं, ते सिलिकॉन कापायला ब्लेड घेऊन येतोय. तोवर खिडकीला कुणी हात लावू नका. सगुणाबाईंना म्हणावं, रविवारची वाटी खिडकीतूनच द्या, घ्यायला मी उभा असेन.

कुठंही न जाणारा,
तुझा अमीर