वॉटर स्कूटरची टिकटिक

४ ऑक्टोबर २००३, खंडेनवमी

शेडमध्ये पूजा. लेथ, ड्रिल, पाने, पुलर — सगळ्यांना हळदकुंकू. बायको, वत्सला, दरवर्षी स्वतः घरून अंबडला शेडवर येते आणि एक पाना सोडत नाही. गोरक्षने आणलेलं नवीन फ्लायव्हील खोक्यातून काढून पाटावर ठेवलं होतं, त्यालाही आतून-बाहेरून ओली बोटं ओढली. हे कसलं चाक, विचारलं. सांगितलं — इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बसतं, याच्या जोरावर इंजिन फिरत राहतं, आणि ठिणगी कधी पडायची तेही हेच ठरवतं.

"म्हणजे घरातली बाई," म्हणाली आणि अजून एक बोट ओढलं.

गोरक्ष मखमलाबादचा मळेवाला. गुलाब, झेंडू. आता गोव्याहून जुनी वॉटर स्कूटर आणलीय, धरणाच्या पाण्यावर लोकांना फिरवणार. तिचं फ्लायव्हील तडकलेलं. मूळ कंपनीचं मिळेना म्हणून दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं मुंबईहून मागवलं. हलकं आहे, देखणं आहे. दिवाळीच्या पाडव्याला पहिली फेरी. मागे बसणार त्याची आई, लंकाबाई! पोहता येत नाही, पण मळ्यात सगळ्यांना सांगत सुटलीय.

५ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून आलो आणि टीव्हीवरून वाद. वत्सला म्हणते आवाज कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जातो. आमच्या पोरीने, प्रतिभाने, गंगापूर रोडच्या कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. वेळ घेऊ का म्हणाली. मला! माझ्या कानावर तर हे घर उभं राहिलं.

सिन्नरहून आलो तेव्हा गॅरेजात कुणी पाना हातात देत नव्हतं. फरशी पुसता पुसता इंजिनं ऐकली. आज कंपन्यांचे मॅनेजर गाडी दारात उभी करतात — अण्णा, फक्त ऐका. बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, धंदा कानाचा आहे. तो गेला तर मी कोण? हे कुणाजवळ बोललो नाही. पोरीला म्हटलं, बघू दिवाळीनंतर.

७ ऑक्टोबर

फ्लायव्हील बसवलं. हळदकुंकू तेलाच्या फडक्याने पुसलं, आतल्या भोकातूनही तेलाचा हात फिरवला — सवयच ती, कोरडं काही बसवायचं म्हटलं की माझा हात थांबतो. दांड्याच्या खाचेत चावी — लोखंडाची छोटी पट्टी — घातली, नट आवळला. स्टार्टर मारला तर नुसती करकर! नवीन चाकाचे दात जरा पुढे आलेले. प्रतिभाने स्टार्टरखाली पातळ पत्रा घातला, करकर बंद. डिप्लोमा झाल्यावर ती शेडवर आली तेव्हा लोक म्हणाले होते, पोरगी काय तेलात हात घालणार. आता तेच लोक तिला विचारायला येतात.

८ ऑक्टोबर

सुरू झाली! ट्रॉलीवरच, नळीने पाणी सोडून. प्रतिभाने टायमिंग लाइट धरलं. ठिणगी पडताना चाकावरची खूण कुठे आहे ते त्यात दिसतं. खूण बरोब्बर जागेवर. गोरक्षने पेढे आणले.

११ ऑक्टोबर

गोरक्ष गाडी परत घेऊन हजर. "अण्णा, पळती लय भारी. पण सुरू करताना कधीमधी उलटा झटका मारती."

प्रतिभाने पुन्हा लाइट धरलं. खूण थोडी सरकलीय म्हणाली. उघडून बघू या का? मी म्हटलं, परकी कंपनी, खूण इकडे-तिकडे असायचीच. कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा स्क्रू फिरवला. झटका कमी वाटला. पोरगी काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

१४ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शेडमधले पत्रा ठोकायचे प्रेस थांबले. स्कूटर हळू चालू ठेवली होती. आणि ऐकलं — टिक... टिक... टिक. बारीक, लांबून आल्यासारखं. म्हटलं, आत काहीतरी सुटतंय.

प्रतिभाला बोलावलं. तिने कान लावला, मान हलवली. गाडी न्यायला आलेला गोरक्षही वाकला.

"मला तर नुसती फटफट ऐकू येती, अण्णा."

म्हटलं, गाडी मिळणार नाही. उघडावी लागेल. त्याचा चेहराच उतरला. दिवाळीच्या सुट्टीसाठी माणसं ठरवून ठेवलीत म्हणाला, आई रोज विचारते, आणि पुन्हा उघडून तुमच्या हातून काही बिघडलं तर?

"अण्णा, रागावू नका. वय झालं की माणसाला कायबाय ऐकू येतं. माझ्या चुलत्याला रात्रंदिवस भजन ऐकू यायचं."

राग आला नाही. खरं तर आला. पण मळ्यातला माणूस तोंडावर बोलतो हे बरं. त्याला म्हटलं, बाबा, त्या सीटवर तुझी आई बसणार आहे ना? मग उद्यापर्यंत थांब.

आता मनातलं. उद्या आत काही सापडलं नाही, तर हा कान संपला. गोरक्षच मळाभर सांगेल. आणि न उघडता दिली, नि खरंच काही असलं तर म्हातारी भर पाण्यात. निवड कसली यात? उघडायचं.

१५ ऑक्टोबर

सापडलं!!

चाक ओढून काढायचा पुलर लावला. एरवी घाम काढतं असं फ्लायव्हील, पान्याच्या एका झटक्यात हातात आलं. तिथेच काय ते कळलं. आत भोकात पिवळं कडं. हळद! तेलात मुरलेली. आणि चावी जवळजवळ अर्धी कापलेली.

प्रतिभाने गोरक्षला समजावलं. दांडा आणि भोक दोन्ही निमुळते असतात, कोरडे असले की धातू धातूला घट्ट धरतो. चावी फक्त जागा दाखवायला. मधे हळद आणि तेल आलं, पकड गेली, चाक सरकायला लागलं, सगळा भार चावीवर. अजून थोडी चालली असती तर चावी तुटून इंजिन भर धरणात बंद. वारं असेल तिकडे जा. गोरक्षने ती चावी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, काल बोललो ते पोटात घाला अण्णा.

वत्सलाला घरी सांगितलं. "देवाचं लावलेलं कधी वाईट करेल का?" म्हणाली. म्हटलं, हळद तुझी, तेल माझं, दोघांनी मिळून केलंय. मग जरा नरमली. पुढच्या वर्षीपासून नवीन सामानाला हळद खोक्यावर, असं ठरलं. खोकं देवाला चालतं का, हे तिने स्वतःच ठरवलं — चालतं.

१८ ऑक्टोबर

दांडा, भोक थिनरने धुतलं. ग्राइंडिंग पेस्ट लावून एकमेकांवर घासलं, निळा रंग लावून पाहिलं — सगळीकडे सारखं टेकतंय. नवीन चावी. यावेळी एकदम कोरडं. प्रतिभाने माझ्या हातातलं फडकं आधीच काढून घेतलं. नट तिने, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला. सुरू. खूण हलत नाही. शेजारचे प्रेस धडधडत होते, मी वाकून ऐकलं — टिकटिक नाही.

अख्ख्या गल्लीत झालं, अण्णांनी चालू इंजिनात चावी कापताना ऐकली. समोरचे मशीनवाले चहा घेऊन आले. मी नको नको म्हणत दोनदा सांगितलं. घरी डॉक्टरचा विषय निघाला, म्हटलं, आता कशाला? वत्सलाने टीव्हीचा आवाज कमी केला.

२६ ऑक्टोबर, पाडवा

धरणावर. लंकाबाई नऊवारीत, वरून केशरी जॅकेट. गोरक्षला पाठीमागून असा घट्ट धरला की त्याला वळता येईना. काठावर सगळा मळा ओरडत होता. दोन मोठ्या फेऱ्या! उतरली तरी तोंड थांबेना.

"बैलगाडीपरीस बरी हाय. धुरळा नाय."

मला ओंजळभर गुलाब दिले. फार सुखाचा दिवस.

२८ ऑक्टोबर

दिवाळीमुळे अंबड बंद. दिवा लावायला एकटाच शेडवर गेलो. शेजारचे प्रेस बंद, रस्त्यावर माणूस नाही. आमचंही एक मशीन चालू नाही. स्कूटर धरणावर.

टिक... टिक... टिक.

दोन्ही कान दाबून पाहिले. आणखी स्पष्ट.

कानांवरचे हात काढले. मग हसू आलं. प्रतिभा मामाकडे आहे, तिला फोन लावला. म्हटलं, त्या डॉक्टरची वेळ घे. आणि ऐक — तुझ्या लाइटवर खूण सरकली होती ना? इंजिन तुझ्याशीच बोलत होतं. मला काही म्हणालं नव्हतं.