शनिवारच्या भाषणातली एक ओळ

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र तुझे साहेब तुला वाचून दाखवतील हे धरूनच लिहिते आहे. तुझी नजर गेल्यापासून घरात येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्याच हातात पडतं. म्हणून साहेब, तुम्हालाही आधीच सांगते, मध्ये थांबू नका आणि काही गाळू नका. गाळावंसं वाटेल असंच यात आहे. वाचून झाल्यावर मला पुन्हा दारात उभं करायचं नाही असं ठरवलंत, तरी माझी तयारी आहे. समोर बसून सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, आणि साहेब आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले असते. दोघांनी एका वेळी ऐकायला हवं, म्हणून हा कागद.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले, तेव्हा ग्रंथालयाने पाठवलेली वाचणारी बाई अशी साहेबांनी माझी ओळख करून दिली. पाचव्या ओळीलाच तू मला थांबवलंस. तीस वर्षं शाळेत शिकवलेली तू. शिक्षण विचारलंस, मी मॅट्रिक म्हटलं, तर म्हणालीस, कुठल्या शाळेने पास केलं गं तुला, स्वल्पविरामाला कुणी एवढा मोठा श्वास घेतं का? तेव्हापासून मी मॅट्रिक आणि तू मास्तरीणबाई. मी देवाच्या गोष्टींचं जाड पुस्तक घेऊन आले होते. तुझं म्हणणं, देव कसा वागतो ते मला ठाऊक आहे, माणसं कशी वागतात ते वाच. शेवटी तडजोड झाली, एक प्रकरण देवाचं आणि दोन खुनाची, दर गुरुवारी चार ते सहा. घरी जाऊन देवापुढे हात जोडले की मला खुन्यांची नावं आठवायची. हसू नकोस.

ग्रंथालयात माझं नाव मी घातलं नव्हतं, ह्यांनी घातलं होतं. हे एकदा व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला गेले होते. तिथे कुणा पाहुण्याने सांगितलं की गिऱ्हाईक कचेरीत शोधू नका, त्याच्या घरात आणि गल्लीत शोधा. त्याच्या सुखदुःखात जा, वस्तीच्या कामाला हात लावा, मग माल आपोआप जातो. ह्यांनी ते पावतीच्या मागे लिहून आणलं आणि जेवताना मला वाचून दाखवलं. आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना तेव्हा जेमतेम चालत होता. साबणाच्या कंपनीची खरेदी साहेबांच्या हातात, आणि साहेब तर असे की कुणी नववर्षाची डायरी दिली तरी परत पाठवायचे. त्यांच्या पत्नीची नजर गेली आहे आणि ग्रंथालय वाचणारं माणूस शोधतं आहे, एवढं ह्यांना कळलं. म्हणाले, तुला वाचायची आवड आहेच, वर पुण्य लागेल, जा. पुण्य म्हटलं की मी नाही म्हणत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत. पण कशासाठी पाठवताहेत तेही मला कळत होतं. न कळण्याइतकी मी भोळी नाही.

चौथ्या महिन्यात चहा पिताना तू सहज बोलून गेलीस की साहेब हल्ली वैतागलेले असतात, दमट हवेत खोक्यांचे तळ सुटतात आणि साबण रस्त्यावर येतो. मी ते घरी नेलं. ह्यांनी आठवडाभर गोंद बदलून पाहिला, ओल्या गोणपाटावर रात्रंदिवस खोकी ठेवून पाहिली, आणि दीरांच्या हाती कंपनीत नमुना पाठवला. सोबत चिठ्ठी, की आमचा तळ दमट हवेत सुटत नाही. साहेबांना वाटलं असेल, काम जाणणारा माणूस दिसतोय, आणि काम आम्हाला मिळालं. तसे हे आहेतच. खोकी चांगली आहेत, त्यात खोट नाही. पण बातमी मी पुरवली होती, तुझा चहा पिऊन. तळाला निळा शिक्का असलेली ती खोकी आमची, साहेब. कचेरीत नेहमी दीरच येतात, म्हणून ह्यांचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नाहीत. यजमान काय करतात, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतंत. मी म्हटलं, छोटा कारखाना आहे. कसला ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी तुझ्या घरातला एकही शब्द बाहेर नेला नाही. हे विचारायचे, आज काय म्हणाल्या बाई? मी सांगायची, खुनी अजून सापडला नाही. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मी येणं सोडलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आणि मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा आले. ते कशासाठी, हे पटवत बसणार नाही. तू पुरावा मागणारी बाई, आणि माझ्याकडे पुरावा नाही. देवाला मात्र सगळं कितीदा सांगून झालं. त्याला सांगितलं की पुढे काही करावं लागत नाही, ही त्यातली सोय.

आता साहेब निवृत्त होताहेत. नवीन साहेबांच्या आईला दुपारी पत्ते खेळायला सोबत हवी असते, हे ह्यांनी शोधून काढलं आहे. वारही नेमका गुरुवार. मी म्हटलं, पत्ते मला येत नाहीत, तुम्हाला येतात, तुम्ही जा. हे पत्र लिहिते आहे तेही सांगितलं. ते म्हणाले, कारखान्यात अकरा माणसं आहेत, काम गेलं तर त्यांच्या घरी मी काय सांगू? ते चिडले नाहीत. चप्पल घातली आणि कारखान्यात निघून गेले.

गेल्या गुरुवारी तू म्हणालीस, पुस्तक राहू दे, साहेबांनी शनिवारच्या निरोपसमारंभाचं भाषण लिहिलंय, आधी ते वाच. तिसऱ्या पानावर होतं, अठ्ठावीस वर्षांत माल पुरवणाऱ्यांच्या घरचं एकही माणूस माझा उंबरठा ओलांडून आत आलेलं नाही. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी ते वाचलं. आवाज खाली गेला असावा, कारण तू म्हणालीस, अगं मॅट्रिक, भाषणाचा जीव या वाक्यात आहे, पुटपुटतेस काय, नीट ठासून वाच. मी पुन्हा वाचलं, ठासून. साहेब दाराशी उभे राहून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा समाधानी होता, तो तुला दिसला नाही. म्हणून हे पत्र. साहेब, ते वाक्य सगळ्यांसमोर म्हणू नका. उद्या कुणी शोधून काढलं तर खोटे तुम्ही ठराल, आणि खोटं तर मी वागले आहे. आमच्या कारखान्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, माझ्या येण्याचं बाई ठरवतील. शनिवारच्या आत तेवढी एक ओळ खोडा. बाकीचं भाषण खरं आहे. सहा वर्षं तुमच्या घरात बसून मी ते पाहिलं आहे.

तू ठेवशील तोवर तुझीच,
मॅट्रिक