दाल्वाबाईंचे मंगळवार

४ जून, मंगळवार
दाल्वाबाई आज पुन्हा गायब! केसांचा टोप खुंटीला, तोंडाला रंग नाही, पायात सपाता — आणि निघाल्या. विचारलं तर म्हणे, "इरासिल्दा, तू माझे कपडे सांभाळ. माझे मंगळवार नको."
पन्नास वर्षं गातायत. बेलें शहरात त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तीस वर्षं मी त्यांना नटवतेय — आणि मलाच ठाऊक नाही? छे!

११ जून
पाठलाग केला. लाज वाटली, पण केला.
बंदरामागचं छोटं चर्च. दाराशी टाकाका सूपची गरम वाटी घेऊन, भुरके मारत उभी राहिले. आत म्हाताऱ्या बायकांची गाण्याची तालीम. आणि मागच्या रांगेत कोण — आमच्या बाई!
शिकवणाऱ्या बेनेदिताबाई कडाडल्या, "ए मारिया! चाल पुढच्या रांगेतल्या गातील. तू खालचा सूर धर. एकटीच आहेस का इथे?"
मारिया!! खोटं नाव सांगून बसल्यात! आणि बाईंनी शाळकरी पोरीसारखा निमूट खालचा सूर धरला.

१२ जून
काल त्यांनी मला पाहिलं होतं. वाटलं, गेली नोकरी. तर हसल्या.
"वरचे सूर गेले गं माझे. ओस्मार म्हणतो, निरोपाच्या कार्यक्रमात जुनं रेकॉर्डिंग लावू, तुम्ही नुसते ओठ हलवा."
ओस्मार त्यांचे कार्यक्रम ठरवतो. मेला!
"मग?"
"खालचे सूर आहेत अजून. ते कधी वापरलेच नाहीत. कसे गातात, बघायचंय."
या वयात!

१८ जून
आज उघडपणे सोबत गेले. बेनेदिताबाईंनी बाईंना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे!
"मग ओरडता कशा त्यांच्यावर?"
"बेसूर झाली की ओरडते. कोणी का असेना."

२५ जून
बाई निरोपाला चर्चच्या बायकांनाही स्टेजवर आणणार म्हणे! ऐकून ओस्मार थयथयाट करून गेला. "लोक तिकिटं तुमच्यासाठी काढतात, चर्चच्या आज्यांसाठी नाही!"
तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बारा काळे झगे शिव. सगळे सारखे."
बारा? मनात काय आहे यांच्या?

२९ जून, शनिवार
निरोपाचा कार्यक्रम. पडदा उघडला. मधला माईक रिकामा. लोक माना उंचावून शोधतायत. बाई मागच्या रांगेत, बायकांमध्ये. बेनेदिताबाईंनी हात उचलला. बाराजणींनी बाईंच्या त्या लग्नातल्या गाण्याचा नुसता खालचा सूर धरला. क्षणभर कुणाला काही कळेना —
मग चाल अख्ख्या थिएटरने उचलली.