शेवंतीबाईंचे शनिवार

१२ नोव्हेंबर १९८३, शनिवार

आजही शेवंतीबाई आमच्याकडे येऊन बसल्या. पावडर लावून, अंबाडा घालून. कुणीही बोलवायला आलं नाही. दिवे लागल्यावर गेल्या.

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आजोबांपासून आमचा धंदा लालबाग-परळच्या गिरणी मंडळांना नाटकासाठी नट्या पुरवण्याचा. प्रयोग ठरल्याची सुपारी घेतली की ती प्रयोग होईपर्यंत देव्हाऱ्यात ठेवायची. त्या दिवशी ती नटी दुसऱ्याला द्यायची नाही. गेल्या वर्षी गिरण्यांचा संप लागल्यावर एका मंडळाचे कुशाबाकाका शेवंतीबाईंसाठी सुपारी देऊन गेले — ‘संप मिटल्यावरचा पहिला शनिवार.’ आणि बाबांनी घेतली! तारखेशिवाय! तेव्हापासून बाईंचे सगळेच शनिवार अडकलेत.

१४ नोव्हेंबर

शेवंतीबाई बाबांना म्हणाल्या, ‘गणपतशेठ, ऑर्केस्ट्रावाले शनिवारच मागतात. दोन पोरं आहेत घरात. त्यांना काय शनिवार शिजवून घालू?’

बाबा — ‘आणि या शनिवारच्या आत संप मिटला तर?’

१७ नोव्हेंबर

बाबांना न सांगता सुपारी रुमालात बांधली आणि रे रोडला गेलो. कुशाबाकाका आता तिथे लाकडाच्या वखारीत ओझी उचलतात. म्हटलं, काका, परत घ्या, बाई मोकळ्या होतील. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

‘परत घेतलंय तर संप बुडालो असा मीच म्हटल्यासारखा. नाय रे रघू. घेवन जा ती.’

होती तशीच देव्हाऱ्यात परत ठेवली. बाबांना कळलं असेल का?

१९ नोव्हेंबर, शनिवार

शेवंतीबाई आल्या. पावडर नाही. देव्हाऱ्यापुढे हात जोडले, सुपारी उचलली, चंचीतून अडकित्ता काढला — कट्ट! अर्धी तोंडात टाकली, अर्धी बाबांपुढे ठेवली.

‘झाला प्रयोग, शेठ. देवाला माझं नाव सांगा.’

जिना उतरून गेल्या. मला इतकं हलकं वाटलं!

२१ नोव्हेंबर

देव्हाऱ्यात सुपारी आहे. अख्खी! बाबांनी नवी ठेवली.

विचारलं, ‘पण बाई कुठे आहे आता?’

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

‘तुझ्या आजोबांनी धंदा काढला तेव्हा बायका कुठे मिळत होत्या? पोरंच लुगडी नेसायची. पहिलं लुगडं आजोबाच नेसले.’

२६ नोव्हेंबर, शनिवार

दाढी दोनदा केली. दिवे लागेपर्यंत कुठे गेलो नाही.