पिंपीच्या डाव्या गुडघ्याची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, इस्पितळात अधू पायांना आधार देणारे कॅलिपर बनवणाऱ्या विभागात एकतीस वर्षं चामड्याचे पट्टे शिवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणायला घरात दुसरं कोणी नाही. डोकं ठिकाणावर आहे. धाकट्या बहिणीचं मत वेगळं असेल, पण नऊ वर्षांत तिने ते मला तोंडावर सांगितलेलं नाही.

कलम १. वरचा मजला धाकटीला. खालचा तिचाच आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी हट्टाने करवलं, धाकटी म्हणत होती, "ताई, या वयात कापाकापी नको." आई पुन्हा चालली नाही. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद; ती खाली, मी वर, मधे एकोणीस पायऱ्या. मजला दुसऱ्या कोणाला द्यावा इतकी माणसं माझ्याकडे नाहीत.

कलम २. बँकेतली ठेव जनावरांच्या दवाखान्याला. त्यांनी आधी नवा वजनकाटा घ्यावा. जुना पिंपीवर अन्याय करतो.

कलम ३. चामडं कापायची रापी, टोचायची आरी व शिलाई मशीन विभागात माझ्या जागी आलेल्या कारागीर बाईंना. अट एकच, माप पायावर घ्यावं, कागदावरून नाही.

कलम ४. माझी कुत्री पिंपी, वय अकरा, वजन चौतीस किलो. डाव्या मागच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं आहे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हिचं हृदय बघता ऑपरेशन नको. वजन उतरवा. उड्या बंद, जिना बंद, सपाटीवर थोडं थोडं चालवा." या वेळी मी ऐकलं. गुडघ्याचा पट्टा स्वतः शिवला. पण राहते वरच्या मजल्यावर. जिना बंद कसा करणार? पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भार उचलून तिला चढवत-उतरवत होते.

चार महिने वजन हलेना. मग कळलं की अंगणात फिरायला सोडली की पिंपीबाई धाकटीकडे जाऊन टोस्ट खातात. भांडणाची पूर्ण तयारी करून उतरले. दार उघडंच होतं. धाकटीच्या गुळगुळीत फरशीवर उंबऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पोती अंथरलेली, कडा शिवलेल्या, पाय घसरू नये म्हणून. पिंपी त्यावर आडवी पडून घोरत होती. मी आल्या पावली वर आले.

वकील म्हणाले, "कुत्रं म्हणजे कपाट नव्हे. ज्यांना द्यायचं त्यांना आधी विचारा." विचारायला मला तीन आठवडे लागले. मंगळवारी खाली जाऊन म्हटलं, "माझ्यानंतर हिला ठेवशील का?"

धाकटी म्हणाली, "तुझ्यानंतर कशाला? तिला जिना आजच झेपत नाही."

खरं होतं. आईच्या वेळीही तिचंच खरं होतं. हे तोंडाने म्हणवलं नाही, म्हणून इथे लिहिते.

पिंपीला त्याच संध्याकाळी खाली पोचवलं. पट्टा झोपताना काढावा. आत ओल राहू देऊ नये. सकाळी ती आखडते, पाच मिनिटं कोमट शेक द्यावा. टोस्ट अर्धाच. वर आता फार शांत आहे, मला करमत नाही. पाण्याचं भांडं सवयीने भरते आणि ओतून देते.

मृत्युपत्राने जे आपलं आहे तेच देता येतं. पिंपी आता माझी नाही. सबब कलम ४ रद्द समजावं.

साक्षीदार पहिले : जनावरांचे डॉक्टर. माझी शुद्ध त्यांनी तपासली. म्हणाले, माणसांचा अनुभव कमी आहे, पण ठीक वाटते.

साक्षीदार दुसरे : कोपऱ्यावरचे शिंपी. सही करताना त्यांनी विचारलं, "कलम रद्द आहे, तर खोडून का टाकत नाही?"

म्हटलं, "असू द्या. धाकटी वाचेल."

सही
ठिकाण : वरचा मजला
दिनांक : १४ मार्च, शुक्रवार